पूर्णेपल्याड ठेवलेलं प्रस्थान

आमच्या घरातली पोरं आता विमानानं परदेशी जातात. निघायच्या आधी आठवडाभर त्यांच्या बॅगा काट्यावर चढतात नि उतरतात, आणि वजन जरा जास्त भरलं की सगळ्यात आधी माझ्या लोणच्याची बरणी बाहेर येते. मनात एवढंच म्हणते, बाबांनो, तुमच्या सामानाला नुसती चाकं आहेत. माझं सामान माझ्याआधी नदी ओलांडून पुढं जाऊन बसलं होतं.

हे सांगताना मी थोडी फुशारकी मारणार आहे, ते आधीच कबूल करते. फुशारकी माझ्या आईची आहे. तिनं स्वतः जन्मात कधी मारली नाही, म्हणून तिच्या वाटची मी मारते.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि तिकडे कुठंतरी मोठी लढाई चालू होती. लढाईची खबर आम्हाला रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा लागली. आमचं गाव पूर्णा नदीच्या अलीकडच्या थडीला. रेल्वे परभणीला, म्हणजे नदीच्या पल्याड, आणि पल्याडही पुन्हा बैलगाडीची लांब वाट. नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात गाडी पात्रातून खडखडत जायची, पावसाळ्यात नदी म्हणेल तसं.

माझे वडील मास्तर होते. त्यांनी मला मराठीबरोबर अलिफ-बे शिकवलं, कारण सरकारी शाळा म्हटली की उर्दू आलीच. मी लहान असतानाच ते गेले आणि घर धाकट्या काकांच्या हातात आलं. काका वाईट माणूस नव्हते. खाऊपिऊ घालायचे, अंगावर कधी हात टाकला नाही. पण घरात शब्द त्यांचा. आईचा शब्द चुलीच्या धुरासारखा, आढ्याला लागून तिथंच संपायचा.

मी सोळा-सतरा वर्षांची झाले तेव्हा माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक काकांनी बघितलेली: शेजारच्या गावचा बिजवर, जमीन बक्कळ, पहिलीची दोन लेकरं. दुसरी वडिलांच्या एका जुन्या स्नेह्यांनी दाखवलेली: हैद्राबादेत मास्तरणी तयार करणारी एक शाळा होती, तिथं राहायची-जेवायची सोय होती. त्या भल्या माणसानं माझ्यासाठी खटपट करून जागा मिळवली आणि स्वतः गावात येऊन सांगितलं, "सोमवारी पोरगी तिथं हाजिर पाहिजे. न्हाई गेली तर जागा दुसरीला." एवढ्या मोठ्या माणसासमोर काकांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी हो म्हटलं. पण काकांचं हो मी ओळखून होते. त्यांनी बिजवराला 'नाही' असं कळवलंच नव्हतं.

आता काकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ते पंचांग बघितल्याशिवाय परसाकडंसुद्धा जात नाहीत, असं गाव म्हणायचं. हे गावाचं वाढवून सांगणं, पण फार वाढवून नव्हे. आणि प्रवासाच्या बाबतीत त्यांना प्रस्थानाचा उपाय सापडलेला होता. नव्या लोकांना प्रस्थान ठेवणं माहीत नसेल. ज्या दिवशी निघायचं तो दिवस वाईट असला, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रवासाच्या सामानातली एक वस्तू घराबाहेर नेऊन दुसऱ्याच्या घरी किंवा देवळात ठेवायची. सुपारी, हळकुंड, चार तांदूळ एका कापडात गाठ मारून तिच्यासोबत द्यायचे. ती वस्तू उंबऱ्याबाहेर पडली की माणूस निघाला असंच धरायचं. मग प्रत्यक्ष पाय वाईट दिवशी उचलला तरी चालतो. अट एकच. ठेवलेलं प्रस्थान माघारी आणायचं नाही.

ही अट काकांनी एकदा मोडली होती. परभणीच्या अदालतीत त्यांचा बांधाचा मुकदमा होता. तारखेचा दिवस वाईट, म्हणून त्यांनी आधीच्या एका चांगल्या दिवशी वेशीबाहेरच्या मारुतीच्या देवळात प्रस्थान ठेवलं. ठेवलं काय, तर छत्री! संध्याकाळी धो धो पाऊस आला. काका शेतात अडकले, चिंब भिजत वेशीपाशी आले आणि देवळात आपलीच छत्री कोरडी उभी बघून त्यांना राहवलं नाही. उघडली आणि घरी आले. मुकदमा हरले. त्याच महिन्यात त्यांचा जिवापाड जपलेला लालकंधारी बैल चिखलात घसरला तो उठलाच नाही. बैल चिखलानं गेला की छत्रीनं, यावर गावानं पारावर बसून पुष्कळ विचार केला आणि छत्रीनंच गेला असं ठरवलं. काकांनीही ते मानलं. तेव्हापासून कुणी नुसतं "आभाळ आलंय, छत्री घ्या" म्हटलं तरी ते तिरपं बघायचे.

तर माझ्या जायची वेळ आली आणि काकांनी पंचांग उघडलं. सोमवारी हैद्राबादेत पोचायचं तर शनिवारी घर सोडायला हवं होतं. काकांनी बोट ठेवलं आणि सुस्कारा सोडला. तो सुस्कारा दुःखाचा नव्हता. म्हणाले, "शनवारी आवस हाय. आखाडातली आवस! पोरीला कशी काढावी घराबाहेर?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आई स्वयंपाकघराच्या दारात भाकरीचं पीठ हाताला लागलेलं तशीच उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, बुधवार कसा हाय?"

"बुधवार चांगला हाय."

"मग बुधवारी परस्थान ठेवू का?"

आता काका काय म्हणणार? ज्या माणसानं सगळं आयुष्य प्रस्थानावर काढलं, तो प्रस्थानाला नाही कसा म्हणेल? ते म्हणाले, "ठेवा." त्यांच्या मनात असणार की सुपारी जाईल मारुतीच्या देवळात, आणि शनिवारी दुसरं काही निघालं तर सुपारीची आठवण कोण ठेवतंय.

आईनं बुधवारी पहाटेच गाडी जुंपायला लावली. पाणी तेव्हा बैलांच्या गुडघ्याला होतं. घरच्या गड्याला तिनं सांगितलं, "ही पेटी, ही वळकटी, हे ज्वारीचं पोतं, समदं नदीपल्याड महादेवाच्या गुरवाच्या वसरीत नेऊन ठेव. परस्थान हाय म्हणून सांग. गाडी तिथंच ऱ्हाऊ दे आन् तूबी बैलापाशी तिथंच ऱ्हा." आई विधवा. शुभकार्यात तिचा हात चालत नसे, म्हणून पेटी गड्यानं उचलली. पण पेटीतली गाठ तिनं बांधली होती.

सामान किती म्हणाल तर विचारू नका. वडिलांची पत्र्याची पेटी होती, तीच मुळात जड. तिच्यात आईनं शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणचं, खारोड्या भरल्या आणि वरून लोखंडी खलबत्ता ठेवला. हैद्राबादेत माणसं मसाला कशात कुटत असतील याची तिला खात्री नव्हती. ज्वारीबद्दल तर तिला पक्कं ठाऊक होतं की तिकडं ती मिळतच नाही, लोक नुसत्या भातावर जगतात नि म्हणून त्यांच्या अंगात ताकद नसते. पेटी उचलताना आमचा गडी कण्हला. चांगला पैलवान गडी होता.

काकांना हे ठाऊक नव्हतं. पावसाळ्याच्या कामात गडी गाडी-बैलांसकट शेतावरच मुक्कामाला असायचा, तसाच असेल असं त्यांना वाटलं.

गुरुवारी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि शुक्रवारी नदी फुगली. शनिवारी सकाळी काका नदीवर जाऊन बघून आले. पायातली वहाण काढतानाच त्यांचा चेहरा असा झाला होता की दुःख दाखवावं की समाधान, हे त्यांचं त्यांना ठरेना.

"वैनी, पूर्णा दोन्ही थड्या भरून वाहायलीय. गाडी सोडा, गाढव उतरायचं न्हाई. देवाच्याच मनात न्हाई म्हणायचं, दुसरं काय. सुपारी आणून घ्या देवळातनं. मी बघतो पुढचं."

पुढचं म्हणजे बिजवर. मला कळलं, आईला कळलं.

आई चुलीपाशी होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, मग पदर सावरून दारात आली. "भाऊजी, परस्थान मारुतीच्या देवळात न्हाई."

"मग कुठं हाय?"

"पल्याड. गुरवाच्या वसरीत. पेटी, वळकटी, पोतं, समदं तिथंच हाय. तुमीच म्हणले व्हते ठेवा म्हणून."

आईचा आवाज चढला नाही, हात हलला नाही. "आता ते माघारी आणायचं म्हणल्यावर आणू. पर तुमीच सांगा, आणावं का? मागं आणलं तवा काय झालं ते घरात समद्याला ठावं हाय. गोठ्याला आता एकच जोडी उरलीय."

ती छत्री म्हणाली नाही. बैल म्हणाली नाही. पण भिंतीला खुंटीवर छत्री टांगलेली होती आणि काकांची नजर आपोआप तिकडं गेली. मी खाली बघितलं, नाहीतर हसले असते. ज्या बाईला घरात मीठ कमी आहे हेही धड सांगता येत नव्हतं, तिनं काकांना त्यांच्याच शास्त्राच्या खुंटीला टांगलं होतं. त्या सकाळी मला आईचा जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे. पुढं मी मोठमोठे वकील बोलताना ऐकले. इतकं थोडक्यात कुणी जिंकलं नाही.

काका उठले. "भोयांना बोलवा," एवढंच म्हणाले.

गावात गूळ करायची एक मोठी लोखंडी काहील होती. पुरात तीच आमची नाव. पट्टीचे पोहणारे भोई कमरेला वाळके भोपळे बांधून चारही बाजूंनी ती ढकलत न्यायचे. पोरीला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून काकांनीच मला हैद्राबादपर्यंत पोचवायचं ठरलेलं होतं. ते पंचांग काखेत धरून निघाले.

निघताना आई समोर आली नाही. विधवेनं निघणाऱ्याच्या समोर येऊ नये म्हणून तिला मागच्या खोलीत थांबायला सांगितलं होतं. मला पाया पडायचं होतं तर काकू म्हणाली, "आता नको, आल्यावर पड." मला तेव्हा संताप आला. अजूनही येतो. जिनं माझा प्रवास एका गाठीवर उभा केला, तीच म्हणे अपशकुनी. मी उंबरा ओलांडताना मोठ्यानं म्हणाले, "आई, येते गं." आतून आवाज आला, "ये."

काहिलीत बसायची पाळी आली तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. काका अंगानं भरलेले, मी काटकुळी. ते एका बाजूला बसले की काहील त्यांच्याकडं कलायची. भोयांचा म्होरक्या पाण्यातून ओरडला, "मालक, हलू नका! पोरीच्या अंगाला वजन पायजे. सामान कुठाय पोरीचं?"

"सामान पल्याड गेलंय," मी म्हणाले.

"आरं वा! म्हंजी माणसाच्या आधी वझं पोचलं?" तो हसला आणि त्यानं माझ्या बाजूला काठावरचे दगड भरायला लावले. अशी मी धोंडे घेऊन निघाले. मधल्या धारेत काहील भोवऱ्यासारखी फिरली, काकांनी डोळे मिटून नरसिंहाचा धावा सुरू केला. पोखर्णीच्या नरसिंहाला त्यांनी नारळ बोलला, गूळ बोलला आणि पल्याडची थडी जवळ आली तसे हळूच गुळावर थांबले. मी भ्याले होते, खोटं कशाला बोलू. पण मला एक आधार होता. माझी पेटी पलीकडं कोरडी बसली होती आणि ती माझी वाट बघत होती.

गुरवाच्या ओसरीतून सामान काढून गाडीत घातलं आणि परभणीची वाट धरली. आमची काळी माती भिजली की माणसाला नि बैलाला सोडत नाही. एका ओढ्यापाशी गाडी आसापर्यंत रुतली. गडी एका चाकाला, काका दुसऱ्या चाकाला, मी चिखलात उभी. काका घामानं निथळत म्हणाले, "ह्या ज्वारीच्या पोत्यापायी गाडी रुतायलीय. ठेवा ते ओढ्याच्या काठी. परतताना नेऊ."

मी म्हणाले, "काका, परस्थान अर्धं टाकून जाता येतंय का?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, आता फटका बसतोय. मग त्यांनी उपरणं कमरेला बांधलं, पोतं पाठीवर घेतलं आणि गाडी निघेपर्यंत ओढ्याच्या पल्याड नेऊन ठेवलं. गावचा प्रतिष्ठित माणूस, पाठीवर पोतं, गुडघाभर चिखल! तिकडून ओरडले, "आईवर गेलीस!" त्यांना शिवी द्यायची होती. मी ती शाबासकी म्हणून घेतली आणि अजून जपून ठेवली आहे.

स्टेशनात पोचलो तर गाडीचा सिग्नल पडलेला. हमालानं पेटी उचलली आणि तशीच खाली ठेवली. "क्या जी, पूरी दुकान भर को लाए क्या इसमें?" दोघांनी मिळून ती जनाना डब्यात ढकलली, पोतं तिच्यावर, वळकटी पोत्यावर, आणि वळकटीवर मी. काका पुरुषांच्या डब्यात. सोमवारी मी हाजिर होते. हजेरीच्या वहीत माझं नाव आलं तेव्हा अंगावरचा पूर्णेचा चिखल अजून पुरता गेला नव्हता.

वसतिगृहात पेटी उघडली. खलबत्त्याखाली, कपड्यांच्या घडीत प्रस्थानाची गाठ होती. माझ्या जुन्या परकराचा तुकडा, आत सुपारी, हळकुंड, तांदूळ. मी ती काढली तर खाली आणखी एक गाठ. ही आईच्या विटक्या लुगड्याच्या पदराची होती. आत तेच, सुपारी, हळकुंड, तांदूळ.

मला वाटलं, चुकून दोन झाल्या. मग वाटलं, आई आणि चूक? प्रस्थान ज्याचं असतं, कापड त्याच्या अंगावरचं असतं. माझं प्रस्थान ठेवताना तिनं स्वतःचंही ठेवलं होतं. कुणाला बोलली नव्हती, मलासुद्धा नाही. मी तिथंच फरशीवर बसून रडले. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला वाटलं मला घरची आठवण आली, आणि ते खोटं नव्हतं.

ती गाठ मी सोडली नाही. शिकून झालं, दोन वर्षांनी तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत मला नेमलं, राहायला एक खोली मिळाली. पहिल्या सुट्टीत मी गावी आले ते आईला न्यायलाच. गाठ मात्र घरात आणली नाही. वेशीबाहेर मारुतीच्या देवळात ठेवली आणि मग उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "वैनी कशाला जातील? हितं त्यांना काय कमी हाय? लोक म्हणतील, भावजय जड झाली म्हणून लेकीच्या दारात नेऊन बसवली."

मी म्हणाले, "काका, आता इलाज न्हाई. आईचं परस्थान माझ्यासंगंच हाललंय. गाठ वेशीबाहेर हाय. माघारी आणू का सांगा."

पण ते काका होते, शास्त्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते म्हणाले, "परस्थान चार-पाच दिसांचं असतंय. तेवढ्यात निघालं न्हाई तर ते बाद. दोन वर्सांचं परस्थान कुठं असतंय का?"

मी मास्तरीण झाले होते, चांगल्या मार्कांनी झाले होते, आणि माझी बोलती बंद झाली. उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं.

"एका जागी बसलं तर चार दिसांचं, भाऊजी," आई म्हणाली. "हे बसलं कुठं? नदी उतरलं, आगगाडीत बसलं, हैद्राबादेला गेलं, आता वेशीपस्तोर आलंय. ते आजूक चालायलंय."

काकांनी पंचांग काढलं, पान उलटलं, तसंच मिटलं. बहुतेक दिवस वाईट असणार, पण त्यांनी सांगितलं नाही. उठून खुंटीवरची छत्री काढली आणि आईच्या पुढं धरली. "ऊन लय हाय. घेऊन जा. माघारी धाडू नका," म्हणाले. त्या क्षणापासून मी काकांवरचा सगळा राग सोडला.

निघताना काकूनं सवयीनं आईला मागं व्हायला खुणावलं. मी म्हणाले, "आई, तू पुढं." ती क्षणभर उंबऱ्यापाशी थांबली, मग पुढच्या दारानं, भर दिवसा, सगळ्यांच्या समोरून छत्री उघडून चालत निघाली. मी तिच्या मागं. त्या गल्लीतून मी पुढं कितीदा गेले असेन, पण त्या दिवसासारखी मान ताठ करून कधी चालले नाही.

मारुतीपाशी तिनं गाठ उचलली, कंबरेला खोचली आणि गाडीत बसली. हातात काही नव्हतं. गाडीवान घराकडं मान वळवून म्हणाला, "माय, सामान आणायचं न्हवं का? पेटी, बोचकं, कायबी?"

"न्हाई," आई म्हणाली. "हाक तू. माझं सामान कवाच पुढं गेलंय."